बाटलीच्या गळ्यातला दोरा

यमुनाक्का एका हातानं गाठ मारायच्या. फुलं गुंफणाऱ्या बायका मारतात तशी. डाव्या हातात बाटली धरलेली, उजव्या हाताच्या दोन बोटांवर दोऱ्याचा फास, अंगठा एकदा वळला की झालं. सुरगाठ. बाटली फ्रीजमधून शंभरदा आत-बाहेर झाली तरी ती सुटायची नाही, आणि यमुनाक्कांनी टोक ओढलं की एका झटक्यात मोकळी. मी शिकायचा पुष्कळ प्रयत्न केला. नाही जमली. माझ्या हाताला एकच गाठ माहीत होती, तीन वेढ्यांची निरगाठ. वडील पोस्टात होते, पार्सलं तशी बांधायचे. ती सोडवायला कात्रीच लागते.

मी फार बोलणारा माणूस नाही. आणि हे तर मी कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा. आज चोपन्नाव्या वर्षी सांगतोय याला कुणी धीटपणा म्हणू नये. ज्यांना सांगायला हवं होतं त्या आता नाहीत, आणि ज्यांची भीती होती तेही नाहीत.

एकोणीसशे त्र्याण्णव साली मी पुण्याहून बेंगळुरूला पीएच.डी.साठी आलो. यशवंतपूरच्या बाजूला आमची संस्था होती, दगडी, दुमजली. आमचे सर अस्थिमज्जेवर काम करायचे. हाडाच्या पोकळीतला मगज, त्यातल्या पेशी. पहिल्याच दिवशी सर म्हणाले, "विषयाचं नंतर बघू. आधी यमुनाक्कांकडून हात धुवायला शिक."

मला ती थट्टा वाटली. थट्टा नव्हती.

पेशी वाढवायच्या खोलीच्या दाराशी एक ठेंगणी, पन्नाशीची बाई उभी होती. पाठीला किंचित बाक. अंबाड्यातला मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा, गजरा काढून ती खिडकीत काचेच्या झाकणावर ठेवत होती. फुलं आत न्यायची नाहीत, बुरशी येते, हा तिचाच नियम. माझ्याकडे न बघताच तिनं विचारलं, "पुण्याचा म्हणं?"

"हो."

"मराठी येतंय म्हणायचं तर."

"मातृभाषाच आहे माझी."

"अय्यो, मातृभाषा!" त्या वळल्या. "आमच्यात घरचं बोलणं म्हणतात तिला. तू बोलायलास का बातम्या सांगायलास?"

त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं. घरात मराठी, बाहेर कानडी, कामावर मोडकं पण नेमकं इंग्रजी. मी बोलायला लागलो की त्या गमतीनं मान डोलवायच्या, आकाशवाणी लागल्यासारखी. सगळे त्यांना अक्का म्हणायचे, सरही. मला त्या नावानं हाक मारायच्या नाहीत. पुणेकरा. जाईपर्यंत पुणेकरा.

"हात बघू," त्या म्हणाल्या. मी हात पुढे केले. त्यांनी ते चक्क हुंगले. "सकाळी काय खाल्लंस?"

"डोसा."

"मग आज बाहेर. उद्या ये. उप्पीट खाऊन ये."

आंबवलेल्या पिठाचं यीस्ट नखांत बसतं आणि पेशींच्या प्लेटेत उतरतं, अशी त्यांची खात्री होती. खरं असेल, नसेल. पण अठरा वर्षं त्यांनी कामाच्या दिवशी ना इडली खाल्ली होती ना डोसा. बेंगळुरात जन्मून डोसा सोडलेली बाई मी दुसरी पाहिली नाही. घरी पीठ वाटायची वेळ आली तर भावजयीला लावायच्या. "तिला काय, बँकेत जायचंय. नोटांना बुरशी येत नै."

त्या टेक्निशियन होत्या. बी.एस्सी. शिकलेल्या, लग्न न केलेल्या. आमच्यातल्या पाच-सात जणांचे प्रबंध त्यांच्या हातावर उभे राहिले होते आणि प्रत्येकाच्या शेवटच्या पानावर आभारांत त्यांचं नाव होतं. पेपरावर, म्हणजे छापलेल्या शोधनिबंधावर, कधी नव्हतं.

पेशींबद्दल त्या बोलायच्या ते जेवणाच्या भाषेत. पेशी ज्या रसात वाढतात त्याला आम्ही मीडियम म्हणतो. त्यात एक रंग घातलेला असतो, पेशींनी साखर खाऊन आम्ल सोडलं की तो लालाचा पिवळा होत जातो. आम्ही त्याचे आकडे मोजायचो. यमुनाक्का प्लेट उजेडाकडे धरायच्या आणि वहीत लिहायच्या, कुंकू, नारिंगी, हळद. लिहायच्या मराठीत, पण कानडी लिपीत. देवनागरी त्यांना वाचता यायची, लिहिता यायची नाही. त्यामुळे त्यांची वही मराठी असून मला वाचता यायची नाही. हे मला तेव्हा मजेशीर वाटायचं.

"जेवल्यात बघ," त्या म्हणायच्या. "सकाळी कुंकू होतं, आता नारिंगी."

तीन महिन्यांनी त्यांनी मला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. लांबट, निमुळत्या, पारदर्शक पेशी. "ही बघ, ही अजून कोणच नै," त्या म्हणाल्या. "मज्जेतली मूळची. हिला हाड बांधणारी पण होता येतंय, चरबी साठवणारी पण. एक झाली की दुसरी होता येत नै. म्हातारपणी का कोण जाणे, बऱ्याच जणी चरबीच होतात. म्हणून म्हाताऱ्यांची हाडं पोकळ."

"कोण ठरवतं?"

"सर म्हणतात जीन्स. ठरवू देत की. पण स्वयंपाकघरात काय आहे ते बघितल्याशिवाय आज काय करायचं ते कोण ठरवतंय? घरात तांदूळच नै, तर भात करू म्हणून कोण म्हणंल?"

सरांपुढेही त्यांनी हे मांडलं होतं. सर चांगले होते, पण त्यांचा काळ जीन्सचा होता. ते म्हणायचे, "अक्का, जेवण म्हणजे जेवण. हुकूम दुसरीकडून येतो." पोरं खोलीला 'अक्कांचं हॉटेल' म्हणायची. त्या हसायच्या. पण हसताना त्यांची मान हलायची नाही, हे मी पाहिलं होतं.

आता दोऱ्याचं सांगतो, कारण सगळं तिथंच आहे.

मीडियममध्ये ग्लुटामीन नावाचा एक पदार्थ आयत्या वेळी घालावा लागतो. पेशींना तो लागतो, पण बाटलीत तो आपोआप नासत जातो. रंग बदलत नाही, वास येत नाही, काही दिसत नाही. यमुनाक्का त्याला फोडणी म्हणायच्या. फोडणी दिलेल्या बाटलीच्या गळ्यात त्या जुन्या गजऱ्यातला दोरा बांधायच्या आणि तीन आठवड्यांनी सोडून टाकायच्या. दोरा असलेल्या बाटल्या वरच्या कप्प्यात. बिनदोऱ्याच्या खालच्या कप्प्यात, त्या फक्त भांडी विसळायला. लेबलावर तारखा असायच्याच, पण गारठ्यानं लेबल ओलं होतं, शाई पसरते. दोरा पसरत नाही. संस्थेत नवा माणूस आला की पहिलं हेच शिकायचा, वरची दोऱ्याची, खालची विसळायची.

एकदा सकाळी नऊला वीज गेली ती दुपारपर्यंत आली नाही, जनरेटरही बसला. पेशी उबेत ठेवायचा इन्क्युबेटर गार पडायला लागला. यमुनाक्कांनी शीतपेट्या मागवल्या, त्यांत गरम पाण्याच्या पिशव्या भरल्या, वर प्लेटा रचल्या, आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला एका ओळखीच्या प्रयोगशाळेत न्यायला निघाल्या. रिक्षात त्या, मांडीवर पेटी. मी दुसरी पेटी घेऊन. रिक्षावाला नेहमीसारखा सुटला.

"स्वल्प निधान, अण्णा," त्या म्हणाल्या. सावकाश.

"काय आहे पेटीत, अम्मा? अंडी?"

"पोरं आहेत."

त्यानं आरशात बघितलं. त्या इतक्या गंभीर होत्या की पुढचा तासभर त्यानं एक खड्डा चुकवायचा सोडला नाही. उतरताना त्याने हळूच मला विचारलं, "अम्मा बऱ्या आहेत ना?" हे मी यमुनाक्कांना सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की पेटी माझ्याकडे द्यावी लागली. त्या दिवशी एकही प्लेट मेली नाही. मला आठवतं तसं, त्यांना असं हसताना मी तेव्हाच शेवटचं पाहिलं. त्यानंतरही पाहिलं असेल. आठवत नाही.

पंच्याण्णव साली त्यांची आई न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं. घरी दुसरं करणारं कुणी नाही, भावजयीची नोकरी. यमुनाक्कांनी आयुष्यात पहिल्यांदा सलग रजा घेतली, जवळजवळ तीन आठवडे. त्या वेळी सरांच्या एका औषधाच्या चाचणीसाठी त्यांनी सहा प्लेटा नुकत्या लावल्या होत्या. सगळ्या हाडाच्या. म्हणजे पेशींनी हाड व्हावं म्हणून लागतात ती सगळी द्रव्यं घातलेल्या. तीन आठवड्यांत तिथे खनिजाचे पांढरे ठिपके दिसायला हवेत.

"तुझ्यावर सोडून चालले, पुणेकरा," त्या म्हणाल्या. "दर तीन दिवसांनी मीडियम बदल. दोन बाटल्या करून ठेवल्यात, दोरा बांधून. पुरून उरतील. दुसरं काय करू नको. हात धू."

मी 'हो अक्का' म्हणालो.

पाचव्या-सहाव्या दिवशी माझं स्वतःचं मीडियम संपलं. माझ्या प्रयोगाचे निकाल मला परदेशातल्या अर्जाबरोबर पाठवायचे होते. नवीन करायचं तर ग्लुटामीन तोला, विरघळवा, गाळा, अर्धा दिवस जातो. आणि वरच्या कप्प्यात दोऱ्याच्या दोन बाटल्या होत्या. मी त्या माझ्या प्लेटांना वापरल्या. अक्कांच्या सहा प्लेटांना खालच्या कप्प्यातली एक बाटली वापरली. बिनदोऱ्याची, चार-पाच महिन्यांची. म्हटलं, आजच्या दिवस. तीन दिवसांनी परत म्हटलं, आजच्या दिवस. तसे पंधरा दिवस गेले. मला माहीत होतं. नकळत झालं असं मी म्हणणार नाही. मला वाटलं, पेशी जरा सुस्त वाढतील, इतकंच. कुणाला कळतंय.

त्या यायच्या आदल्या दिवशी मी फ्रीज उघडला आणि लक्षात आलं, वरच्या कप्प्यात एक तरी दोऱ्याची बाटली दिसायला हवी. पुरून उरतील, असं त्या म्हणाल्या होत्या. मी रिकाम्या बाटल्यांपैकी एकीचा दोरा काढला, जुन्या बाटलीच्या गळ्यात बांधला, तिच्यावरचं पसरलेलं लेबल खरवडून टाकलं, आणि ती वरच्या कप्प्यात ठेवली. घाईत बांधला. हाताला येत होती त्या गाठीनं.

यमुनाक्का परत आल्या त्या एक काचेची बरणी घेऊन. गजरा काढून ठेवला, बरणी टेबलावर ठेवली. फॉर्मॅलिनमध्ये हाडाचा एक गोळा होता, मधोमध कापलेला. शस्त्रक्रियेत आईच्या खुब्याचं मोडकं डोकं काढलं होतं, ते त्यांनी सर्जनकडून मागून घेतलं होतं. कसं मागितलं असेल, कुणास ठाऊक.

"बघ," त्या म्हणाल्या.

हाडाची जाळी कोळ्याच्या जाळ्याइतकी विरळ झालेली. आणि जिथे तिथे, पोकळीपोकळीत, पिवळं. लोण्यासारखं.

"लोणी झालंय आत," त्या म्हणाल्या. आवाज अगदी सपाट. "हाताला किती हलकं लागतंय बघ. या बाईनं मला कडेवर घेऊन गविपुरमच्या गुहेतल्या देवळाच्या पायऱ्या चढल्यात. मग कधी ठरलं हे? कुणी ठरवलं?"

मग त्यांनी हात धुतले आणि सहा प्लेटा काढल्या.

मी दाराशी उभा होतो. त्या बराच वेळ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून होत्या. मग दुसरी प्लेट, तिसरी. सहावीनंतर त्यांनी मान वर केली. चेहऱ्यावर जे होतं त्याला मी आनंद म्हणणार नाही. हरवलेलं माणूस गर्दीत दिसावं तसं काहीतरी.

"पुणेकरा, ये."

हाडाच्या प्लेटांत हाड नव्हतं. पेशींच्या पोटात थेंब होते, चमकदार, मण्यांसारखे, एकमेकांना चिकटलेले. चरबी. सहाच्या सहा प्लेटांत.

"हाड हो म्हणून सगळं दिलंय, तरी ह्या चरबी झाल्यात. आईच्यात झालं तेच हे. इथं, प्लेटेत. काय बदललंय, सांग. काय वेगळं केलंस?"

"काही नाही, अक्का. तुम्ही सांगितलं तसंच."

त्या फ्रीजकडे गेल्या. वरच्या कप्प्यातली बाटली काढली. टोक ओढलं, दोरा सुटला नाही. पुन्हा ओढला. मग बाटली डोळ्यांजवळ नेली.

"ही गाठ माझी नै."

मी म्हणालो, "घसरला असेल दोरा. कुणीतरी बांधला असेल परत." खोलीत आम्ही पाच जण काम करायचो.

"बाटली तीच ना? मी ठेवलेली?"

"तीच, अक्का. मी शेवटपर्यंत तीच वापरली."

"सरी, बरं," त्या म्हणाल्या. "तू म्हणतोस म्हणजे झालं."

त्यांनी इतरांना विचारलं. सगळे नाही म्हणाले, आणि ते खरंच बोलत होते. मग त्यांनी कात्रीनं दोरा कापला आणि गाठीसकट वहीत चिकटवला. त्या प्रयोगाचं सगळं त्या जपून ठेवत होत्या, मीडियममध्ये घालायच्या सीरमचा नंबर, प्लेटांचा नंबर, दोरा. उरलेलं मीडियम मोजायला पाठवावं असं त्यांच्या मनात आलंही असेल. पण मीडियम ताजं होतं. मी सांगितलं होतं.

सरांनी प्लेटा पाहिल्या आणि पहिल्यांदा त्यांचं कुतूहल जागं झालं. "तीनदा करून दाखवा, अक्का," ते म्हणाले. "तीनदा तेच आलं तर पेपर तुमचा. पहिलं नाव तुमचं."

दीड वर्ष त्या ते तीनदा करत होत्या.

पहिल्यांदा ताज्या फोडणीच्या बाटलीनं केलं. सुरेख हाड आलं. त्यांनी सीरम बदललं. हाड. साखर वाढवली, कमी केली. प्लेटा बदलल्या, ज्यांची मज्जा घ्यायचो ते उंदीर बदलले, म्हातारे उंदीर घेतले. कधी एखाद्या कोपऱ्यात चार थेंब दिसायचे, त्या धावत मला बोलवायला यायच्या, आणि दुसऱ्या दिवशी ते चारच असायचे. आई घरी पडूनच होती. त्या सकाळी तिचं सगळं करून यायच्या, संध्याकाळी जाऊन परत करायच्या. मधल्या वेळेत प्लेटा. पाठीचा बाक वाढत होता. वहीवर वह्या भरत होत्या, कुंकू, नारिंगी, हळद, मला न वाचता येणाऱ्या अक्षरांत.

दुसरा प्रयत्न फसल्यावर मला कळलं. बसस्टॉपवर उभा असताना, एकदम. त्यांनी सगळं बदललं होतं, फक्त नासकी बाटली वापरली नव्हती. कारण नासकी बाटली त्यांच्या दृष्टीनं कधी वापरलीच गेली नव्हती. मी गुपचूप तीन प्लेटा लावल्या, खालच्या कप्प्यातल्या बाटलीवर वाढवल्या. चौदाव्या दिवशी थेंब दिसले. एकविसाव्या दिवशी प्लेटा मण्यांनी भरून गेल्या होत्या.

म्हणजे त्यांचंच खरं होतं. साखर भरपूर होती, हुकूम सगळे दिलेले होते, पण एक ग्लुटामीन कमी पडलं आणि पेशीनं हाड बांधायचं सोडून दिलं. घरात तांदूळ नव्हता. इतकी वर्षं त्या जे म्हणत होत्या ते माझ्या समोर तीन प्लेटांत होतं. मी त्या प्लेटा ब्लीचमध्ये बुडवल्या.

सांगायला दोन वाक्यं पुरली असती. अक्का, मी जुनी बाटली वापरली. दोरा मी बांधला. त्या चिडल्या असत्या, कदाचित आठवडाभर बोलल्या नसत्या. आणि मग त्यांनी ते तीनदा करून दाखवलं असतं, एका महिन्यात. पण माझ्या अर्जावर सरांची सही व्हायची होती. सही झाली की सांगू, असं मी ठरवलं. सही झाल्यावर ठरवलं, प्रबंध होऊ दे. रोज काहीतरी व्हायचं राहिलेलंच असायचं.

शहाण्णवच्या शेवटी सगळ्यांसमोर बैठक झाली. अक्कांनी सहाही वह्या आणल्या होत्या. औषधाची चाचणी मागे पडली होती, वरून विचारणा होत होती, सर वैतागलेले होते. एक जण म्हणाला, प्लेटांची अदलाबदल झाली असेल, वयानं होतं. सर माझ्याकडे वळले. "त्या तीन आठवड्यांत प्लेटा तुझ्याकडे होत्या. सगळं ठरल्याप्रमाणे केलं होतंस?"

"हो सर."

तिथे थांबायला हवं होतं. पण खोलीत शांतता होती आणि मला ती सोसली नाही. मी पुढे म्हणालो, "कदाचित सुरुवातीलाच मज्जा काढताना चरबीच्या पेशी आल्या असतील."

मज्जा यमुनाक्कांनी काढली होती. इतक्या वर्षांत त्यांच्यासारखी स्वच्छ मज्जा कुणी काढली नव्हती, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. ही पुस्ती माझ्याकडे कुणी मागितली नव्हती.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. ओळखीच्या रस्त्यावर नवीन भिंत दिसल्यावर माणूस थबकतो तसं. मग म्हणाल्या, "असंल. असंल की." आणि वह्या गोळा करायला लागल्या.

पुढच्या महिन्यात त्यांना तळमजल्यावर काचसामानाच्या स्टोअरला हलवलं. शिक्षा म्हणून नव्हे, वयाचा विचार करून, असं पत्रात होतं. मी एकदा कँटीनमध्ये गेलो तर त्या कोपऱ्यात एकट्या बसून डोसा खात होत्या. डोक्यात गजरा होता, दुपारपर्यंत कोमेजलेला. आता तो काढायचं कारण नव्हतं. मला बघून त्या म्हणाल्या, "आता काय, खा म्हटलं." बशी माझ्याकडे सरकवली. "घे, पुणेकरा. चटणी बरी आहे." मी घेतला. गिळला.

त्यांची आई त्या उन्हाळ्यात गेली. लगेच त्यांनी मुदतीआधी निवृत्ती मागितली.

पुढचं थोडक्यात. मी परदेशात गेलो, परत आलो, आता बेंगळुरातच, बेळ्ळंदूरच्या एका कंपनीत पेशींवरच काम करतो. गेल्या काही वर्षांत जगभर लोक लिहायला लागलेत, पेशी काय खाते, काय जाळते, त्यावर तिचं हाड होणार का चरबी हे ठरतं. ग्लुटामीनचंही नाव येतं. तरुण मुलं माझ्यासमोर हे नवीन म्हणून सांगतात, उत्साहानं, आणि मी मान डोलावतो. मी ते स्वतःच्या नावावरही कधी केलं नाही. चोरीसुद्धा मला धड करता आली नाही. मी फक्त ते असू दिलं नाही. यमुनाक्का कधी गेल्या हे मला दोन वर्षांनी कळलं. पुन्हा पडल्या होत्या, खुबाच. वह्या कुठे गेल्या, माहीत नाही. कानडी लिपीतली मराठी. ज्याला लिपी येईल त्याला भाषा कळणार नाही. रद्दीवाल्यानं तरी का ठेवल्या असतील?

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते सत्त्याण्णवच्या ऑगस्टमध्ये, मी परदेशी जायच्या चार दिवस आधी. सकाळी अकराच्या सुमारास गविपुरमच्या घरी गेलो. पायरीवरून घसरून त्यांचं मनगट मोडलं होतं. उजव्या हाताला बोटांपर्यंत प्लास्टर. पाठ इतकी वाकलेली की बघायला त्यांना मान तिरपी करावी लागत होती. ओट्यावर खुर्ची टाकून बसल्या होत्या. भावजय कामावर.

"आलास? मला वाटलं, न भेटता जातोयस," त्या म्हणाल्या. "आत जा, कपाटावर वह्या आहेत. घेऊन ये."

आणल्या. त्या डाव्या हातानं चाळायला लागल्या. "तू तिकडं मोठ्या जागी चाललायस. ह्या घेऊन जा. मी वाचून दाखवल्या असत्या, पण आता वेळ नै. तिकडं कुणी असंल कानडी मुलगा, त्याच्याकडून वाचून घे मोठ्यानं, तू ऐक. तुला कळंल. कुणाला तरी दाखव. माझं नाव नसलं तरी चालतंय, पुणेकरा. पण ते झालं होतं. मी बघितलंय माझ्या डोळ्यांनी. सहा प्लेटा."

"हो अक्का."

त्यांनी एक पान उघडलं. चिकटपट्टी पिवळी पडली होती. आत दोरा, आणि दोऱ्यावर गाठ. "सगळं जुळतंय," त्या म्हणाल्या, "हे एक सोडून. ही कुणाची, ते कळलं असतं तर विचारलं असतं, बाबा, काय केलंस तेवढं सांग. मी ओरडणार नै."

आता, असं माझ्या मनात आलं. आता बोल. मी तोंड उघडलं आणि विचारलं, "प्लास्टर कधी काढणार?"

त्यांनी वही मिटली. "दीड महिना. बांध बघू हे. पाऊस आला तर भिजतील." खुर्चीच्या पाठीला गजऱ्यांतले दोरे अडकवलेले होते, जुनी सवय. मी वह्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या. त्या बघत होत्या. मी दोरा आडवा घेतला, उभा घेतला. माझं लक्ष हातांकडे नव्हतं. मी कसं निघायचं याचा विचार करत होतो. एक वेढा, दुसरा, तिसरा, आवळला. दाताशी नेऊन टोक तोडलं.

मग वर बघितलं.

त्या गाठीकडे बघत होत्या. बाहेरून फुलवाला ओरडत गेला, तरी त्यांची नजर हलली नाही. मी गठ्ठा उचलायला हात पुढे केला. त्यांनी आपला डावा हात त्यावर ठेवला. जोर नव्हता त्यात, नुसता ठेवला.

"राहू दे," त्या म्हणाल्या.

"अक्का..."

"राहू दे. इथंच राहू दे. तू जा, तुझी बस चुकंल."

मी गठ्ठा सोडला. त्यांनी तो मांडीवर ओढून घेतला, प्लास्टरचा हात त्यावर आडवा टाकला. मी चपला घातल्या. फाटकापाशी पोचल्यावर मागे वळून बघितलं. त्या वाकून बसल्या होत्या, आणि डाव्या हाताच्या अंगठ्यानं गाठीचं टोक ओढून बघत होत्या. एकदा. पुन्हा एकदा. मान त्यांनी वर केली नाही.